मदतीलाही माप असते

एका संडासामागे जास्तीत जास्त किती माणसे असावीत? प्रश्न वाचून नाक मुरडू नका. या प्रश्नाचे उत्तर जगात ठरलेले आहे. अगदी पहिल्या धावपळीच्या दिवसांत ५० चालतील, पण लवकरात लवकर २०. पाणी माणशी दिवसाला किमान १५ लिटर. एका नळावर २५० माणसे, त्याहून जास्त नाहीत. नळ राहत्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत हवा आणि रांगेत अर्ध्या तासाहून जास्त वेळ जाऊ नये. छपराखालची जागा माणशी साडेतीन चौरस मीटर, थंड प्रदेशात त्याहून थोडी जास्त. अन्न दिवसाला २१०० किलोकॅलरी.

हे आकडे कुठल्या हाउसिंग सोसायटीच्या नियमावलीतले नाहीत. भूकंपात, पुरात, युद्धात घरदार गेलेल्या माणसाला निदान एवढे तरी मिळालेच पाहिजे असे सांगणारी ‘स्फिअर’ नावाची एक हस्तपुस्तिका आहे, तिच्यातले आहेत. रेडक्रॉस आणि जगभरच्या मदतसंस्थांनी मिळून १९९७ मध्ये हे काम हाती घेतले. पहिली पूर्ण आवृत्ती २००० साली आली, चौथी २०१८ मध्ये.

मी इथे न्यूझीलंडमध्ये जमिनीखालच्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांचे भूकंपात काय होते यावर संशोधन करते. पीएचडीही इथलीच आणि त्याच विषयातली. थोडक्यात, ‘संडास बंद पडला तर काय’ हा माझा पोटापाण्याचा प्रश्न आहे! त्याच ओघात या किमान मानकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले आणि तेव्हापासून एक विचार डोक्यात घोळतो आहे. आपल्याकडे आपत्तीत मदतीचा तुटवडा सहसा नसतो. तुटवडा असतो तो मापाचा. आणि माप ही आपत्ती आल्यावर शिकायची गोष्ट नव्हे.

आधी ही भानगड सुरू कशी झाली ते सांगते. १९९४ च्या जुलैत, रवांडातल्या नरसंहारानंतर, लाखो निर्वासित काही दिवसांत सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधल्या गोमा या गावाशी येऊन थडकले. त्यांच्या पाठोपाठ मदतसंस्थांची रीघ लागली. जमीन ज्वालामुखीच्या कातळाची. संडासाला खड्डा खणता येईना, पुरायला जागा होईना, पाणी पुरेना. कॉलरा आणि हगवण सुरू झाली आणि पहिल्या महिन्यात सुमारे ५० हजार माणसे दगावली. लक्षात घ्या, कॉलऱ्यावरचा उपाय जगाला केव्हाचा माहीत होता. मीठ, साखर आणि स्वच्छ पाणी! माणसेही होती, पैसाही होता. नव्हता तो कोणी काय, किती आणि कुठल्या प्रतीचे द्यायचे याचा समान हिशेब. नंतर अनेक देशांनी मिळून या मदतकार्याची चौकशी केली. तिचा अहवाल १९९६ मध्ये आला, आणि मदत करणाऱ्यांना बोचणारी गोष्ट त्यातून पुढे आली. चांगल्या मनाने आलेले सगळेच चांगले काम करत नाहीत आणि त्यांना जाब विचारणारे कोणी नसते. स्फिअरचा जन्म या बोचणीतून झाला.

आता तुम्ही म्हणाल, आकडेच तर आहेत, एका कागदावर छापून द्या की. प्रशिक्षण कशाला? मलाही जाण्यापूर्वी तेच वाटत होते.

आमच्या वर्गात वीसेक जण होते. एक निवृत्त नर्स, लष्करात सामानसुमानाची वाहतूक सांभाळलेला एक गृहस्थ, ऑकलंडच्या एका चर्चमधला टोंगाचा तरुण, नगरपालिकेचे दोन इंजिनिअर, बाकी आमच्यासारखे. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच तासाला जमिनीवर चिकटपट्टीने साडेतीन चौरस मीटरचे चौकोन आखले आणि सांगितले, दुपारच्या जेवणापर्यंत प्रत्येकाने आपापल्या चौकोनात राहायचे. बॅग, बूट, डबा सगळे आत. तासाभरात लष्करी गृहस्थ कावले. बाई म्हणाल्या, ‘आता यात तान्हे मूल आणि ओले कपडे घाला.’

दुसरा खेळ छावणी आखण्याचा. आमच्या गटातल्या एका इंजिनिअरने वास येऊ नये म्हणून सगळे संडास मैदानाच्या पार टोकाला नेले. वाऱ्याची दिशाबिशा बघून, अगदी शास्त्रशुद्ध! नर्सबाईंनी नकाशाकडे बघितले आणि एकच प्रश्न विचारला, ‘रात्री दोन वाजता तिथे जाणार कोण?’ संडास राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत असावा, उजेड असावा, दाराला आतून कडी असावी, बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट संडास असावेत, हे सगळे पुस्तकात लिहिलेले आहे. पण का लिहिले आहे हे त्या प्रश्नानंतर वर्गातल्या कोणाला सांगावे लागले नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. १५ लिटर हे मानक नाही! मानक असे आहे की प्रत्येकाला पुरेसे आणि सुरक्षित पाणी सारख्या हक्काने मिळावे. १५ लिटर ही नुसती खूण आहे, त्या मानकापर्यंत पोचलो की नाही हे ओळखण्याची. प्यायला अडीच-तीन लिटर, स्वयंपाकाला तीन ते सहा, अंगधुणीला दोन ते सहा, अशी ती बेरीज साडेसातपासून पंधरापर्यंत जाते. आणि सरासरी १५ निघाली म्हणून काम झाले असेही नाही. टँकर दहा हजार लिटरचा आणि माणसे साडेसहाशे, कागदावर हिशेब बरोबर. पण ज्या घरात एकच बादली आहे त्या घराला १५ लिटर मिळत नाहीत. म्हणून नळापाशी उभे राहून बादल्या मोजायच्या आणि घरात भांडी किती आहेत हे विचारायचे. माप गाठता आले नाही तर? तर तसे उघड सांगायचे, का गाठता आले नाही ते सांगायचे आणि तोवर काय करणार तेही. हे कागदावरून येत नाही, करून बघावे लागते.

हे सगळे गरीब देशांसाठी असते, असा एक समज इथेही होता. क्राइस्टचर्चने तो पुसून टाकला. २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी शहर हादरले. १८५ माणसे गेली. मी इथे आले तेव्हा त्याला काही वर्षे उलटली होती, पण माझ्या कामातली निम्मी माहिती त्या एका दुपारची आहे. ओल्या वाळूची जमीन हादऱ्याने पातळ झाली, राखाडी चिखल रस्त्यांवर उफाळून आला आणि जमिनीखालच्या गटारवाहिन्या मोडल्या, वाकल्या, भरून गेल्या. श्रीमंत देशातल्या सुखवस्तू शहरात हजारो घरांचे संडास बंद! लोकांनी परसात खड्डे खणले. कोणाचा खड्डा जास्त ऐटबाज याचे फोटो दाखवणारी वेबसाइटही निघाली. न्यूझीलंडचे लोक संकटात विनोद करतात ते असे.

पण विनोद सगळ्यांना परवडत नव्हता. रस्त्यारस्त्यावर फिरते संडास, इथल्या भाषेत पोर्टालू, उभे केले गेले. पूर्वेकडची उपनगरे तुलनेने गरीब आणि चिखलाचा मार तिथे सर्वांत जास्त. तिथल्या लोकांची तक्रार होती की ज्या भागात घरचे संडास चालू आहेत तिथे पोर्टालू उभे आहेत आणि आमची म्हातारी माणसे मात्र दोन गल्ल्या चालत जातात. शहराच्या सरासरीत ही तक्रार दिसत नाही. ती दिसायला कोणीतरी त्या गल्लीत जाऊन मोजावे लागते.

त्याच शहरात दुसरे दृश्यही होते. सॅम जॉन्सन नावाच्या विद्यार्थ्याने फेसबुकवरून हाक दिली आणि कॅंटरबरी विद्यापीठातली हजारो पोरे फावडी घेऊन चिखल उपसायला उतरली. ‘स्टुडंट व्हॉलंटियर आर्मी’ हे नाव इथे घराघरांत माहीत आहे. आपल्याकडच्या पुरात धावून जाणारी तरुण मंडळी आठवतात ना, तशीच. फरक इतकाच की त्या उत्साहाचे पुढे कायमचे संघटन झाले.

आणि कैकोउरा. १४ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, दरडींनी रस्ते बंद झाले आणि समुद्राकाठचे हे छोटे गाव शेकडो प्रवाशांसह अडकले. तिथे गावाला कोणी जेवू घातले? ताकाहांगा मराए या माओरी लोकांच्या सभास्थानाने. त्या जेवणात चक्क क्रेफिश होते. म्हणजे आपली शेवंड म्हणा ना! गंमत म्हणजे गावाच्या नावाचा अर्थच ‘शेवंड खाणे’ असा आहे. मराएला हे जमले कारण ते दरवर्षी, दरमहा हेच करत असतात. लग्न असो, मर्तिक असो, शेकडो पाहुणे येतात. गाद्या, मोठी भांडी, न्हाणीघरे तयार असतात. स्वयंपाकघरात कोण, दारात स्वागताला कोण, हे पोराटोरांनाही माहीत असते. पाहुण्याची नीट ठेप ठेवण्याला ते मनाकितांगा म्हणतात आणि त्यात कमी पडणे ही त्यांच्यात लाजेची गोष्ट असते. मला विचाराल तर किमान मानकांचे इतके चांगले प्रशिक्षण दुसरे नाही. फक्त त्याला कोणी प्रशिक्षण म्हणत नाही.

‘परदेशात सगळे छान’ असा सूर लावायचा मोह इथे टाळते. फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळ आले, ११ जण गेले आणि हॉक्स बे भागातली यंत्रणा कोलमडली. माजी गव्हर्नर जनरल सर जेरी माटेपाराए यांच्या चौकशीने २०२४ मध्ये स्पष्ट लिहिले की देशाची आपत्ती व्यवस्था कामाला पुरी पडणारी नाही. तेव्हा हे लोकही शिकतच आहेत. कौतुक एवढेच की लिहून ठेवतात.

आता आपल्याकडे येऊ. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, सांगली-कोल्हापुरात लाखो लोकांना घरे सोडावी लागली. माझी मावशी पाच दिवस एका शाळेत होती. फोन लागला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, ‘मावशी, खायला मिळतंय ना?’ ती म्हणाली, ‘खायला उदंड आहे गं, जायला नाही.’ ट्रक भरभरून पोळ्या येत होत्या, बिस्किटांचे पुडे पडून होते, बाटलीबंद पाण्याचा ढीग होता. पण शाळेचे संडास दोन, तेही तुंबलेले. मग बायकांनी काय केले? पाणी पिणेच कमी केले. पोळी अर्धीच खायची. पहाटे अंधारात आडोसा शोधायचा. मावशीला मधुमेह आहे. तिसऱ्या दिवशी तिला चक्कर आली. ती बरी झाली, पण त्या शाळेत मदत कमी होती असे कोणी म्हणू शकणार नाही!

याला मी मापाचा तुटवडा म्हणते. वीस फूट बाय पंचवीस फुटांचा शाळेचा वर्ग म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. साडेतीनने भागा. १३ माणसे! आठ वर्गांच्या शाळेत शंभर माणसे, पाच संडास, त्यांतले किमान तीन-चार बायकांसाठी. हा हिशेब पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात, गावातल्या कोणीही करावा इतका सोपा आहे. तो केला की लगेच कळते की आपल्या शाळेत चारशे माणसे मावणार नाहीत. मग दुसरी जागा आणि फिरते संडास कुठून आणायचे याचा विचार कोरड्यात बसून करता येतो.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या १२ व्या कलमात मदतछावणीतला निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांची किमान मानके ठरवायला सांगितले आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाने ती ठरवलीही. माणशी साडेतीन चौरस मीटर, ३० जणांमागे एक संडास, प्रौढाला २४०० किलोकॅलरी. उष्मांकात तर आपण स्फिअरच्याही पुढे! पण ही माहिती तुमच्या गावच्या तलाठ्याला, ग्रामसेवकाला, मुख्याध्यापकांना आहे का, एकदा विचारून बघा. लोकांपर्यंत पोचतात ती मापे वेगळीच. त्याच २०१९ च्या पुरात मोफत १० किलो गहू आणि १० किलो तांदळासाठी भाग दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असण्याची अट गाजली होती, आणि मदतीच्या पाकिटांवरची नेत्यांच्या फोटोंची स्टिकर्सही.

‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवक तयार होतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्यात भर शोध, बचाव आणि प्रथमोपचारावर. माणसाला पाण्यातून काढण्याचे शिक्षण मिळते. काढलेल्या माणसाला पुढचे पंधरा दिवस माणसासारखे ठेवायचे कसे, हेही तितक्याच गांभीर्याने शिकवायला हवे.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, ‘लोक संकटात आहेत आणि तुम्ही टेप घेऊन मोजत बसणार?’ पण न मोजता केलेली मदतच उशिरा पोचते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजले. २०१५ च्या पाम वादळानंतर इथून जवळच्या वानुआतूत कोणीही न मागितलेल्या सामानाचे कंटेनर बंदरात अडकून पडले. ते हलवायला, साठवायला तीच माणसे आणि तेच गोदाम लागले जे औषधांना हवे होते. तान्ह्या मुलांसाठी दुधाची भुकटी सरसकट वाटू नये, हेही प्रशिक्षणात शिकवतात. पाणी गढूळ असेल तर ती बाटली म्हणजे जुलाबाला आमंत्रण. प्रेमाने दिलेली वस्तू नाकारायला शिकावे लागते.

दुसरा आक्षेप जास्त तिखट. ‘ही गोऱ्यांची मापे आमच्यावर कशाला?’ तर मंडळी, संकटातल्या माणसाचे माप ठरवण्याचा वाद आपल्या मातीत फार जुना आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराचे माप ठरवले. दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य, आणि वर एक आणा. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर कॉर्निश यांनीही हे माप अपुरे असल्याचे बजावले. त्यानंतर १८८० चे दुष्काळ आयोग आणि पुढे दुष्काळ संहिता आली. टेम्पल यांचे माप सरकारी तिजोरीसाठी होते, कमीत कमी किती दिले म्हणजे भागेल ते सांगणारे. सार्वजनिक सभेचा आग्रह उलट होता, की माणसाला याखाली जाऊ देता येणार नाही. शब्द दोन्हीकडे ‘किमान’च! स्फिअर ज्या बाजूचे आहे ती बाजू आपण सव्वाशे वर्षे आधी घेतली होती. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाल्लेली आणि मिलोच्या भाकऱ्या थापलेली पिढी अजून आपल्यात आहे. तिला विचारा, माप कोणाच्या बाजूचे आहे हे खाणाऱ्याला पहिल्या घासाला कळते.

मग करायचे काय? मला वाटते आपले मराए आपल्याकडे आहे. गणेश मंडळे! मांडव, वायरिंग, रांगा, महाप्रसाद, वर्गणीची पावती, रात्रीची गस्त, यातले काय त्यांना येत नाही? २०१९ लाही धावून आली ती हीच पोरे. वारीतल्या दिंड्यांना तर हजारोंचा मुक्काम रोज हलवायची सवय आहे. शिकवायचे थोडेच आहे, बाकीचे त्यांना आपल्याहून जास्त येते.

आणि शिकवणारे दूर नाहीत. १९८० साली पीटर गथ्री या इंजिनिअरने इंग्लंडमध्ये आपत्तीत काम करणाऱ्या इंजिनिअरांची ‘रेडआर’ ही संस्था काढली. तिची भारतातली संस्था आपल्या पुण्यात आहे. नदीकाठच्या तालुक्यांत मे महिन्यातला एक दिवस काढा. शाळेच्या वर्गात चिकटपट्टीचे चौकोन आखा. टँकरपाशी बादल्या मोजून बघा. संडास कुठे असावेत हे गावातल्या बायकांना मैदानावर चुना टाकून दाखवू द्या आणि पुरुषांनी त्या वेळी गप्प बसावे. काय घ्यायचे नाही त्याची यादी आधीच करा. आणि छावणीच्या दारात फ्लेक्स लावायचाच असेल तर त्यावर फोटोऐवजी चार आकडे लिहा. आत माणसे किती, माणशी पाणी किती, संडास किती, आणि यातले काय कमी पडते आहे.

त्या फ्लेक्सचा खर्च फार नाही. पण तो लावला की आत बसलेली बाई याचक राहत नाही, हिशेब विचारू शकते. मदत करणाऱ्यालाही ते बरेच असते. आपण नुसते पुण्य केले की कामही केले, हे त्याला संध्याकाळी आकड्यात कळते. कृष्णेला पूर पुन्हा येणार, त्यात शंका नाही. ट्रक भरून पोळ्याही येणार, तीही खात्री आहे. त्या पोळ्या पोटभर खाता येतील अशी सोय आधी करू या, इतकेच म्हणणे.